तांब्याच्या तारेतील सापेक्षता

कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येण्याजोगा एक प्रयोग असा आहे, की विद्युत्घटाला तांब्याची तार जोडावी, तिच्याखाली होकायंत्राची सूची तारेला समांतर राहील अशा बेताने ठेवावी आणि मंडल पूर्ण करावे. तत्क्षणी ती सूची आपली उत्तर-दक्षिण दिशा सोडून आडवी वळू लागते आणि प्रवाह खंडित होताच पूर्वस्थितीला येते. हा प्रयोग पाहिलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यातील कोड्याचा थांबून विचार करणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी असावी. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, कारण घर्षणाने त्याच्यावर विद्युत्प्रभार साठलेला असतो. प्रवाह वाहत असलेली आपली तार मात्र त्या कपट्यांना तसूभरही हलवीत नाही, कारण तिच्यात जितका ऋणप्रभार आहे तितकाच धनप्रभारही आहे आणि दोहोंची बेरीज शून्य आहे. बाहेरच्या जगाशी जिचे विजेचे देणेघेणे असे पुरते चुकते झालेले आहे, त्या तारेच्या अंगी दूर ठेवलेली सूची वळविण्याचे सामर्थ्य कोठून यावे?

प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, असे उत्तर आपण शाळेत शिकतो. ते बरोबर आहे. पण त्याने घटनेचे वर्णन होते, कारण कळत नाही. ते कारण शोधीत गेलेला मनुष्य अखेरीस जेथे येऊन पोहोचतो, तेथे त्याला सापेक्षता सिद्धांताची गाठ पडते. आणि ज्या सिद्धांताचे नाव ताऱ्यांच्या, आकाशगंगांच्या आणि प्रकाशाच्या प्रचंड वेगाच्या संदर्भातच ऐकण्याची आपणांस सवय झालेली आहे, तोच सिद्धांत तासाला जेमतेम वीतभर सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या द्वारे आपल्या घरातील पंखा आणि विहिरीवरील पंप फिरवीत असतो, हे त्याच्या ध्यानी येते. हे कसे घडते, ते पायरीपायरीने समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

ओर्स्टेडची सूची आणि अँपिअरच्या तारा

वीज आणि चुंबकत्व या निसर्गाच्या दोन स्वतंत्र शक्ती आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक विद्वानांचा होता. त्याला पहिला जबर धक्का १८२० साली कोपनहेगन विद्यापीठातील प्राध्यापक हान्स क्रिस्तियन ओर्स्टेड यांनी दिला. वर सांगितलेला सूचीचा प्रयोग मूळचा त्यांचाच. त्याचा वृत्तान्त त्यांनी त्या वर्षीच्या जुलै महिन्यात लॅटिन भाषेतील एका लहानशा पत्रकाद्वारे युरोपातील विद्वानांना कळविला. सप्टेंबरात ही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोहोचली आणि काही आठवड्यांच्या आत आंद्रे मारी अँपिअर यांनी पुढचे पाऊल टाकले. चुंबकसूची अजिबात दूर सारून त्यांनी दोन तारा एकमेकींना समांतर ठेवल्या आणि दोहोंतून प्रवाह सोडला. प्रवाह एकाच दिशेने वाहत असले म्हणजे तारा परस्परांना ओढतात, आणि विरुद्ध दिशांनी वाहत असले म्हणजे परस्परांना लोटतात, असे त्यांना आढळले. चुंबकाचा मागमूसही नसलेल्या जागी चुंबकीय बल प्रकट झाले होते, आणि चुंबकत्वाचे मूळ विजेच्या गतीत असावे असा तर्क करण्यास भक्कम आधार मिळाला होता.

पुढे १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लंडन येथे उलट दिशेचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला असता वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो, हा तो शोध होय. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या सर्व निष्कर्षांना गणिती सूत्रांत गोवले, आणि त्या सूत्रांतून विद्युत्-चुंबकीय लहरींचा वेग काढून पाहिला, तेव्हा तो प्रकाशाच्या वेगाशी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाशी, जुळला. प्रकाश हीच एक विद्युत्-चुंबकीय लहर आहे, असे त्यावरून निष्पन्न झाले. एवढे थोर यश पदरी पडल्यानंतरही एक मूलभूत प्रश्न अनिर्णीत राहिला होता.

ज्या बलाचा धनी सापडत नाही

तो प्रश्न नीट समजण्यासाठी अँपिअरच्या दोन तारांपैकी एकच तार घेऊ आणि दुसरीच्या जागी एकच मोकळा इलेक्ट्रॉन आहे अशी कल्पना करू. तारेत धनप्रभारित तांब्याचे अणू आपापल्या जागी स्थिर आहेत आणि मुक्त इलेक्ट्रॉन, समजा, उजवीकडे सरकत आहेत. तारेबाहेरचा आपला इलेक्ट्रॉनही त्यांच्याच वेगाने उजवीकडे, तारेला समांतर चालला आहे. प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या निरीक्षकाचे म्हणणे साधे आहे: तारेवर निव्वळ प्रभार नाही, म्हणून विद्युत बल नाही, तारेभोवती चुंबकीय क्षेत्र आहे आणि इलेक्ट्रॉन त्यातून गतिमान आहे, म्हणून त्याच्यावर चुंबकीय बल येते व तो तारेकडे ओढला जातो.

आता दुसरा एक निरीक्षक त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनाबरोबर, त्याच्याच वेगाने चालला आहे असे माना. त्याच्या दृष्टीने तो इलेक्ट्रॉन स्तब्ध आहे. आणि स्तब्ध प्रभारावर चुंबकीय बल कधीच येत नाही, हा चुंबकत्वाचा पहिला नियम होय. तार निष्प्रभार असल्यामुळे विद्युत बलही नाही. मग इलेक्ट्रॉनाने तारेकडे जाण्याचे कारणच उरत नाही. परंतु इलेक्ट्रॉन तारेवर जाऊन आदळला की नाही, ही काही मतभेदाची बाब नाही. एकाच्या दृष्टीने तो आदळावा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो जागीच राहावा, हे असंभवनीय आहे. इलेक्ट्रॉन तारेकडे जातो ही वस्तुस्थिती उभयतांना मान्य असलीच पाहिजे. तेव्हा दुसऱ्या निरीक्षकाच्या जगात त्याला ओढणारा तो कोण?

पेटंट कचेरीतील निबंध

याच जातीच्या एका विसंगतीने स्वित्झर्लंडमधील बर्न येथील पेटंट कचेरीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका तरुणास अस्वस्थ केले होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे बालपण विजेच्या यंत्रांच्या सान्निध्यात गेले होते. त्यांचे वडील आणि चुलते म्यूनिक येथे विद्युत्-जनित्रे व तत्सम यंत्रे तयार करण्याचा कारखाना चालवीत असत. १९०५ साली ‘आनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ज्या निबंधाने सापेक्षता सिद्धांताचा पाया घातला, त्याचे शीर्षक गतिमान पदार्थांच्या विद्युत्गतिशास्त्राविषयी होते, आणि त्याचा आरंभ तारे किंवा अवकाश यांपासून झालेला नसून फॅरडेचा चुंबक व वेटोळे यांपासून झालेला आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आइन्स्टाइन यांचा आक्षेप असा होता. वेटोळे स्थिर ठेवून चुंबक हलविला, तर तत्कालीन उपपत्तीप्रमाणे चुंबकाभोवती विद्युत क्षेत्र उत्पन्न होते आणि ते वेटोळ्यातील प्रभारांना ढकलते. चुंबक स्थिर ठेवून वेटोळे हलविले, तर विद्युत क्षेत्र उत्पन्न होत नाही. वेटोळ्याबरोबर हलणाऱ्या प्रभारांवर चुंबकीय बल येते. म्हणजे कारणे दोन सांगितली जातात, पण उत्पन्न होणारा प्रवाह दोन्ही प्रसंगी तंतोतंत एकच असतो, आणि तो चुंबक व वेटोळे यांच्या परस्परसापेक्ष गतीवरच अवलंबून असतो. निसर्ग जेथे भेद करीत नाही तेथे आपल्या उपपत्तीने भेद करावा, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. पहिली ही, की एकसमान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम एकाच स्वरूपात लागू पडतात. अमुक एक निरीक्षक खरोखर स्थिर आणि दुसरा खरोखर गतिमान, असा फैसला करण्यास निसर्गाच्या दफ्तरी कोणताही पुरावा नाही. दुसरी ही, की निर्वात प्रदेशातील प्रकाशाचा वेग या सर्व निरीक्षकांना सारखाच आढळतो. या दोन गृहीतांचा मेळ घालू जाता काळ आणि अंतर यांच्याविषयीच्या आपल्या जुन्या कल्पना सोडाव्या लागतात. त्यांपैकी आपल्या तारेच्या कोड्याला जी लागू पडते, ती अंतराविषयीची होय.

लांबीचे आकुंचन आणि म्यूऑनची साक्ष

आपल्याजवळून वेगाने जाणारी वस्तू तिच्या गतीच्या दिशेने आखूड झालेली आपणांस आढळते. त्या वस्तूबरोबर प्रवास करणाऱ्याला मात्र तिची लांबी मूळचीच आढळते. यालाच लांबीचे आकुंचन म्हणतात. जॉर्ज फिट्झजेरल्ड आणि हेंड्रिक लोरेन्ट्स यांनी आइन्स्टाइनच्या आधीच ही कल्पना सुचविली होती. ती अवकाश-काळाच्या स्वभावातूनच उद्भवते, हे आइन्स्टाइन यांनी दाखविले. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने जाणारी वस्तू निम्मी आखूड झालेली आढळेल. पण ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ४०० मीटर लांबीच्या आगगाडीचे आकुंचन एका अणूच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच भरेल. दैनंदिन व्यवहारात त्याचा सुगावा लागत नाही, याचे कारण हेच.

हे आकुंचन कागदावरचे नव्हे, याला निसर्गाचीच साक्ष आहे. विश्वकिरणांच्या माऱ्याने सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे अल्पजीवी कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या २.२ पट इतके अल्प असून तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जाऊ शकतो. तरीही त्यांतील पुष्कळसे कण भूपृष्ठापर्यंत येऊन पोहोचतात. आपल्या दृष्टीने त्याचे कारण हे, की वेगवान म्यूऑनचे घड्याळ मंद चालते. म्यूऑनच्या दृष्टीने कारण हे, की त्याच्याकडे वेगाने धावत येणारा वातावरणाचा थरच आकसून अरुंद झालेला असतो. अशा अल्पजीवी कणांच्या निरीक्षणातून सापेक्षतेचा थेट पडताळा मिळेल, असे १९३८ साली केंब्रिज येथे संशोधन करीत असलेल्या होमी भाभा यांनी सुचविले होते. आणि १९४१ साली ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात वेगवेगळ्या उंचींवर या कणांची मोजदाद करून तो मिळविला.

दिंडी आणि कडेला उभे असलेले लोक

आता तारेच्या आतील व्यवस्था डोळ्यांपुढे आणण्यासाठी पंढरीच्या वाटेवरील एक दृश्य कल्पनेने उभे करू. रस्त्याच्या कडेला दर्शनार्थी लोक समान अंतर राखून एका रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यासमोरून वारकऱ्यांची दिंडी, तीही समान अंतर राखून, संथपणे पुढे चालली आहे. उभे असलेले लोक म्हणजे तांब्याचे धनप्रभारित अणू. चालणारे वारकरी म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉन. झाडाखाली बसलेल्या मनुष्याने रस्त्याचा कोणताही तुकडा निवडून मोजणी केली, तर त्याला जितके उभे लोक दिसतात तितकेच वारकरीही दिसतात. त्याच्या हिशेबी बेरीज शून्य, तार निष्प्रभार.

या ठिकाणी चिकित्सक वाचक एक रास्त शंका घेईल. दिंडी गतिमान आहे, तर झाडाखालच्या मनुष्याला ती आकसलेली, म्हणून दाट झालेली दिसावयास नको काय? इलेक्ट्रॉन हे काठीला खिळलेल्या खुणांसारखे परस्परांशी जखडलेले असते, तर तसेच झाले असते. परंतु ते मोकळे आहेत. तारेत कोठेही ऋणप्रभार यत्किंचित वाढू लागला, तर तोच प्रभार मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना लोटून ती वाढ दूर करतो. त्यामुळे प्रवाह सुरू झाल्यावरही प्रयोगशाळेच्या दृष्टीने तार निष्प्रभारच राहते, म्हणजेच दोन्ही रांगांतील अंतरे प्रयोगशाळेतून पाहणाऱ्यास समान आढळतात. याचा अर्थ असा, की चालत्या वारकऱ्यांतील जे अंतर आपण मोजतो ते आकसलेले अंतर आहे. त्यांचे स्वतःचे अंतर त्याहून किंचित अधिक आहे.

आता झाडाखालच्या मनुष्याने उठावे आणि दिंडीच्या बरोबरीने चालू लागावे. त्याच्या दृष्टीने दिंडी आता स्तब्ध आहे. तिच्यातील माणसांचे अंतर त्याला मूळचे, म्हणजे अधिक, आढळते आणि दिंडी विरळ होते. उलट, रस्त्याच्या कडेचे लोक आता त्याच्यापासून मागे जात आहेत. ते गतिमान ठरल्यामुळे त्यांच्यातील अंतर आकसते आणि ती रांग दाट होते. पूर्वी ज्या तुकड्यात दोन्ही संख्या समान होत्या, तेथे आता उभ्या लोकांची संख्या अधिक भरते. विजेच्या भाषेत बोलायचे, तर इलेक्ट्रॉनांबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाला तार निष्प्रभार आढळतच नाही. ती धनप्रभारित आढळते.

आपल्या कोड्याची उकल येथे झाली. बाहेरचा इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित आहे, त्याच्या दृष्टीने तार धनप्रभारित आहे, आणि विजातीय प्रभार परस्परांना ओढतात, हा विजेचा सर्वांत जुना व साधा नियम आहे. प्रयोगशाळेतील निरीक्षक ज्याला चुंबकीय बल म्हणतो, त्यालाच इलेक्ट्रॉनाचा सहप्रवासी विद्युत बल म्हणतो. बलाचा धनी एकच. त्याचे नाव मात्र पाहणाऱ्याच्या गतीप्रमाणे बदलते.

विरुद्ध दिशेच्या प्रवाहांचेही असेच. समजा, आपला इलेक्ट्रॉन उजवीकडे चालला आहे आणि तारेतील इलेक्ट्रॉन डावीकडे जात आहेत. त्याच्या दृष्टीने तारेतील अणूही डावीकडेच जातात, पण इलेक्ट्रॉन त्यांच्याहून जवळजवळ दुप्पट वेगाने जातात. म्हणून इलेक्ट्रॉनांची रांग अधिक आकसते, तार ऋणप्रभारित आढळते, आणि सजातीय प्रभार परस्परांना लोटतात. अँपिअर यांना १८२० साली जे आढळले, ते दोन्ही बाजूंनी असे उलगडते. मंडल पूर्ण करणाऱ्या जाण्याच्या तारेवर जितका धनप्रभार प्रकट होतो, तितकाच ऋणप्रभार परतीच्या तारेवर प्रकट होत असल्याने एकूण जमाखर्चात पैचाही फरक पडत नाही. इलेक्ट्रॉन समांतर न जाता तारेकडे किंवा तारेपासून दूर जात असेल, तेव्हा उलगडा थोडा अधिक गुंतागुंतीचा होतो, पण तत्त्व हेच राहते.

क्षुद्र आणि प्रचंड यांचा गुणाकार

येथे आणखी एक शंका उभी राहते, आणि ती गंभीर आहे. धावत्या आगगाडीचे आकुंचन जर अणूच्या अंशाइतके सूक्ष्म, तर तारेत रांगणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे आकुंचन ते किती असणार? त्याने पंखा फिरावा तरी कसा? याचे उत्तर हिशेब मांडल्याशिवाय पटणार नाही, म्हणून तो तपशीलवार मांडतो.

एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह वाहत आहे असे घेऊ. अशा १ मीटर तारेत सुमारे ८५ वर २१ शून्ये इतके मुक्त इलेक्ट्रॉन असतात, आणि १ अँपिअर प्रवाहासाठी त्यांना सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर एवढेच सरकावे लागते. तासाभरात त्यांची मजल सुमारे २६ सेंटिमीटर होते. दिवा कळ दाबताच लागतो, तो त्यांच्या धावण्यामुळे नव्हे. तारेच्या अवतीभवतीचे विद्युत-चुंबकीय क्षेत्र प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने पसरते आणि सर्व तारेतील इलेक्ट्रॉनांना जवळजवळ एकदमच हलविते, त्यामुळे. इतक्या मंद गतीने दोन रांगांच्या दाटीत पडणारा फरक हा एकास १६ वर २४ शून्ये या प्रमाणात असतो. त्याचा अर्थ असा, की सुमारे २०० मीटर लांबीच्या तारेत मिळून एका इलेक्ट्रॉनाइतक्या प्रभाराची तफावत पडते. यापेक्षा क्षुद्र संख्येची कल्पना करणे कठीण आहे.

आता दुसरी बाजू पाहू. त्याच १ मीटर तारेतील मुक्त इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार सुमारे १३,६०० कूलोम भरतो. कूलोम हे प्रभाराचे एकक किती मोठे आहे, याचा अंदाज यावरून येईल, की एकेक कूलोमचे दोन प्रभार परस्परांपासून १ मीटरवर ठेवले, तर त्यांच्यातील बल सुमारे ९ लाख टन वजनाइतके होते. तांब्याचा धनप्रभार काही जादूने नाहीसा झाला आणि १ मीटर अंतरावरील अशा दोन लांब तारांत इलेक्ट्रॉनच उरले, तर तारेच्या प्रत्येक मीटरवर ३३ वर १७ शून्ये इतके न्यूटन बल येईल. व्यवहारात हे बल आपणांस कधी जाणवत नाही, कारण धन आणि ऋण यांची वजाबाकी निसर्गात विलक्षण काटेकोर असते.

या प्रचंड बलाला आधीच्या क्षुद्र प्रमाणाने गुणले असता दर मीटरला सुमारे २ भागिले १ कोटी न्यूटन हे उत्तर येते. भौतिकीच्या अभ्यासकास हा आकडा परिचित आहे. एक मीटर अंतरावरील दोन समांतर तारांत दर मीटरला नेमके एवढे बल उत्पन्न करणारा प्रवाह म्हणजे १ अँपिअर, अशी व्याख्या १९४८ पासून २०१९ पर्यंत आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत अधिकृत होती. आकुंचनाच्या हिशेबातून निघालेले बल प्रयोगाने मोजलेल्या चुंबकीय बलाशी जुळते, यापेक्षा बळकट दाखला कोणता हवा? मोटारीत तारेचे शेकडो वेढे घालून आणि लोखंडाचे साहाय्य घेऊन हेच बल वाढविले जाते, आणि त्यावर यंत्रे चालतात.

एक आवश्यक सावधगिरी

एवढे वाचून चुंबकत्व हा निव्वळ भास असून खरी ती वीजच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. इलेक्ट्रॉनांच्या सहप्रवाशाकडे पुन्हा वळू आणि या वेळी दोन्ही तारा विचारात घेऊ. त्याच्या दृष्टीने पहिली तार धनप्रभारित आहे. तेव्हा तिने दुसऱ्या तारेतील धनप्रभारित अणूंना दूर लोटावयास हवे. प्रत्यक्षात त्या अणूंवर कोणतेही निव्वळ बल येत नाही. याचे कारण असे, की सहप्रवाशाला दोन्ही तारांतील अणू मागे जाताना दिसतात, म्हणजे त्याच्याही जगात प्रवाह आहे आणि त्या प्रवाहाचे चुंबकीय आकर्षणही आहे. ते आकर्षण विद्युत अपसारणाची अचूक भरपाई करते. अशा रीतीने सहप्रवाशाच्या कैफियतीतही चुंबकत्वाला जागा द्यावीच लागते.

गणिताच्या आधारे यापुढे जाऊन असे सिद्ध करता येते, की एखाद्या ठिकाणी एका निरीक्षकाला केवळ चुंबकीय क्षेत्र आढळत असेल, तर ते पुरते नाहीसे झाल्याचे कोणत्याही अन्य निरीक्षकास आढळणार नाही. त्याचा काही अंश विद्युत क्षेत्राच्या रूपाने दिसेल, एवढेच. १९०८ साली हेर्मान मिन्कोव्स्की यांनी या संबंधाला सुबक रूप दिले. विद्युत क्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन असे सहा घटक मिळून चतुर्मित अवकाश-काळातील एकच राशी होते, आणि निरीक्षकाची गती बदलली की या सहा घटकांची आपसांत वाटणी बदलते. तेव्हा विजेला मूळ आणि चुंबकत्वाला तिची छाया मानण्यापेक्षा, दोन्ही एकाच विद्युत-चुंबकीय क्षेत्राची अंगे आहेत असे म्हणणे सत्यास धरून होईल. कायम चुंबकाचे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत फिरकीतून येते; त्या फिरकीची उपपत्ती पॉल डिरॅक यांनी १९२८ साली सापेक्षता आणि पुंजयांत्रिकी यांच्या संयोगातून मांडली, म्हणजे तेथेही सापेक्षतेचा संबंध सुटत नाही.

फॅरडेच्या चुंबकाचे आणि वेटोळ्याचे कोडेही याच विचाराने सुटते. चुंबकाजवळ बसलेल्याला जे क्षेत्र केवळ चुंबकीय वाटते, त्यातच वेटोळ्याबरोबर हलणाऱ्याला विद्युत क्षेत्राचा अंश आढळतो. कारणे दोन नव्हती. एकाच कारणाची दोन ठिकाणांहून केलेली ती दोन वर्णने होती. म्हणूनच विद्युत्-जनित्रात वेटोळे स्थिर ठेवून चुंबक फिरविला काय किंवा चुंबक स्थिर ठेवून वेटोळे फिरविले काय, वीज सारखीच निर्माण होते, आणि अभियंते सोयीप्रमाणे दोन्ही रचना वापरतात.

थोडक्यात

• प्रवाह वाहणारी तार प्रयोगशाळेच्या दृष्टीने निष्प्रभार असते. तरी ती जवळून जाणाऱ्या प्रभारावर बल लावते.
• प्रभाराबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाला लांबीच्या आकुंचनामुळे तारेतील धन व ऋण प्रभारांची दाटी असमान आढळते, म्हणून तार प्रभारित आढळते.
• एका निरीक्षकाचे चुंबकीय बल ते दुसऱ्याचे विद्युत बल. परिणाम दोघांनाही सारखाच.
• आकुंचन अतिसूक्ष्म असते, पण तारेतील प्रभार इतका प्रचंड असतो की त्या सूक्ष्म फरकाचेही मोजता येण्याजोगे बल होते.
• वीज व चुंबकत्व यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे नाही. दोन्ही एकाच विद्युत-चुंबकीय क्षेत्राची अंगे आहेत.

व्यवहारातील सापेक्षता

सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचे पाणी अडवून खोपोली येथे टाटांच्या वीजकेंद्रात १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी धावली. सापेक्षता सिद्धांत हा बुद्धिमंतांच्या चर्चेचा आणि सामान्यांच्या कुतूहलाचा विषय म्हणून जगभर गाजत होता, त्याच काळात त्याने स्पष्ट केलेले बल मुंबईच्या कामगारांना आणि कारकुनांना रोज कामावर पोहोचवू लागले होते. ते बल वापरणाऱ्या कारागिरांना त्याचे मूळ माहीत असण्याची आवश्यकता नव्हती. ओर्स्टेड, अँपिअर आणि फॅरडे यांनाही ते माहीत नव्हते. परंतु ज्याला निसर्ग समजून घ्यावयाचा आहे, त्याने ते जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण ज्या दोन शक्ती शतकानुशतके वेगळ्या मानल्या गेल्या त्या एक कशा, याचे उत्तर त्यात आहे.

प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेल्याशिवाय सापेक्षतेचा परिणाम दिसत नाही, हे विधान अनेक पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून आपण ऐकतो. ते दुरुस्त करण्याची वेळ आली आहे. वेग अल्प असूनही ज्याचा परिणाम उघड्या डोळ्यांना दिसतो, असा सापेक्षतेचा आविष्कार म्हणजे विद्युत्प्रवाहाचे चुंबकत्व होय. शिक्षकांना माझी विनंती आहे, की ओर्स्टेडचा प्रयोग दाखविताना त्यांनी सूचीचे वळणे दाखवून थांबू नये. दोन रांगांची गोष्ट वरच्या वर्गांतील मुलांना सांगावी आणि वर मांडलेला हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावा. त्यासाठी गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही, आणि तो स्वतःच्या हाताने करून उत्तर जुळलेले पाहिलेला विद्यार्थी सापेक्षता सिद्धांताला पुन्हा कधी परका मानणार नाही.